जानापावची पायवाट



इंदूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, महूच्या पलीकडे, ८५४ मीटर उंचीचा जानापाव डोंगर आहे. जमदग्नी ऋषींचा आश्रम व परशुरामाचे जन्मस्थान ते हेच, अशी श्रद्धा आहे. कार्तिकी पौर्णिमेस तेथे जत्रा भरते. माथ्यापर्यंत आता मोटार जाते, तरी आम्ही रानवाटेने पायीच चढतो. धाप लागली की अहंकार आपोआप गळतो. मागे राहिलेल्या वृद्धासाठी थांबताना सेवा म्हणजे काय ते कळते.

माथ्यावरील कुंडात चंबळेचा उगम मानतात. चंबळ उत्तरेस यमुनेला मिळते. याच परिसरातील चोरल दक्षिणेस नर्मदेला. तेच नर्मदाजल १९७८ पासून इंदुरात येते आणि आपल्या देवघरातील कलशात भरले जाते. असे असता वनभोजनानंतर पत्रावळी व प्लॅस्टिकच्या पिशव्या आम्हीच तेथे टाकून आलो, हे कोणत्या पूजेत बसते? उगमापाशी केलेली घाण अखेर आपल्याच अभिषेकात उतरावयाची.

म्हणून पुढील खेपेस प्रत्येकाने एक रिकामी पिशवी बरोबर घ्यावी; उतरताना ती भरलेली असावी. तीर्थ जसे लाभले तसेच पुढील पिढीच्या ओंजळीत देणे, हीच त्या डोंगराची खरी प्रदक्षिणा होय.