रात्रपाळीची सिस्टर आणि तिची विवेकबुद्धी



आपल्या चर्चच्या आवारात कुणी 'सिस्टर' अशी हाक मारली, की एकाच वेळी चार-पाच जणी मागे वळून पाहतात. त्यांतली मठात राहणारी एखादीच. बाकीच्या इस्पितळांत काम करणाऱ्या. १२ मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिन जवळ आला, की आपण त्यांना वेदीपुढे बोलावतो, गुलाबाचे फूल देतो, टाळ्या वाजवतो. यंदा मला फुलाऐवजी एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक सिस्टर रात्रपाळी संपवून थेट सकाळच्या मिस्साला आली आणि मिस्सानंतर थांबली. (हे पापनिवेदनातले नाही, तिला विचारूनच लिहीत आहे.) म्हणाली, "फादर, वॉर्डात चाळीस पेशंट आणि मी एकटी. प्रत्येकाचा ताप, नाडी, बीपी चार्टवर लिहायचे असते. निम्म्यांचे झाले आणि एकाला धाप लागली. त्याच्यापाशी दोन तास गेले. उरलेल्यांचे आकडे मी अंदाजाने भरले. रिकामे ठेवले तर मेमो मिळतो, भरले तर खोटे. आणि सकाळी डॉक्टर तेच आकडे बघून औषध ठरवतात."

मी झटकन म्हणालो, "खोटे लिहू नकोस, बाकी देव पाहून घेईल." ती "बरं फादर" म्हणून निघून गेली. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाचे हे उत्तर! ते चुकीचे नव्हते, पण त्या वॉर्डात मध्यरात्री त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिची नोकरी कंत्राटी. मेमोची किंमत तिने मोजायची, आणि उपदेश मात्र मी फुकटात करून मोकळा झालो होतो.

त्यानंतर मी इतरांनाही विचारू लागलो. आजोबांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगू नका, असे घरचे बजावतात; आणि आजोबा रात्री दोन वाजता हात धरून नेमके सिस्टरलाच विचारतात. पैसे संपले म्हणून नातेवाईक सही करून पेशंटला घरी नेतात, तेव्हा नळी काढणारा हात तिचा असतो. "फादर, मी मारले का त्यांना?" असे एकीने मला सरळ विचारले.

या प्रश्नाशी परळच्या केईएम इस्पितळातील नर्सेस ४२ वर्षे जगल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांची तरुण सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळ्याभोवती साखळी आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली आणि अरुणा पुन्हा कधी उठली नाही. त्या माणसाला सात वर्षांची शिक्षा झाली, तीही मारहाण आणि चोरीसाठी. बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. अरुणाला मात्र नर्सेसनी भरवले, पुसले, कूस बदलून दिली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांनी घरी केली आहे त्यांना ठाऊक आहे की पाठीला जखमा व्हायला आठवडाही पुरतो. अरुणाच्या अंगावर इतक्या वर्षांनंतरही तशी जखम नव्हती, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने घेतली. मासे भरवले की तिचा चेहरा खुलतो, हेही इस्पितळाने न्यायालयाला कळवले होते.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाला भरवणे थांबवावे असा अर्ज केला होता. त्यांना निर्दयी म्हणणे मला पटत नाही. अरुणाची कहाणी पुस्तकातून लोकांपुढे आणली ती त्यांनीच. पण ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि अरुणाचे खरे निकटचे स्नेही केईएमचे कर्मचारीच, असे म्हटले. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने तिचे निधन झाले. तिला कधी न पाहिलेल्या, तिच्यावरील हल्ल्यानंतर जन्मलेल्या नर्सेसही तोवर तिची सेवा करू लागल्या होत्या.

नळी काढणाऱ्या त्या सिस्टरला मी आता काय सांगितले असते? ख्रिस्तसभेची शिकवण दोन गोष्टींत फरक करते. अन्नपाणी ही माणसाची साधी शुश्रूषा आहे, ती तत्त्वतः द्यायलाच हवी, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००४ साली स्पष्ट केले. पण मरणाऱ्याला केवळ यातना देणारे, फळ न देणारे अवजड उपचार थांबवणे म्हणजे हत्या नव्हे. बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना तसे सांगितले होते. मात्र केवळ पैशाअभावी नळी निघते तेव्हा प्रश्न वेगळा होतो. त्याचे उत्तर तिच्या एकटीकडून मागणे अन्याय आहे. ते इस्पितळाकडून, सरकारकडून आणि आपल्याकडूनही मागायला हवे.

विवेकबुद्धीला लॅटिनमध्ये कॉन्शिएन्शिया म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात 'सोबतीने जाणणे' असा अर्थ आहे. वर्गात हे मी पाठ केले होते, समजले मात्र फार उशिरा. केईएमच्या नर्सेस काही जगावेगळ्या संत नव्हत्या. त्या पुष्कळ जणी होत्या. महापालिकेने १९८०च्या दशकात अरुणाला तिथून हलवायचे ठरवले तेव्हा सगळ्या मिळून विरोधाला उभ्या राहिल्या, आणि महापालिकेला बेत सोडावा लागला. एकटी असती तर तिलाही मेमोच मिळाला असता.

चार्टवाल्या सिस्टरला मी पुन्हा भेटलो, या वेळी सल्ला न देता. तिच्या पाळीतल्या दोघी आणि ती, तिघींनी मिळून मेट्रनला पत्र लिहिले: इतके पेशंट, इतक्या नर्सेस, म्हणून इतक्या नोंदी झाल्या नाहीत. चार्टवर आता जे झाले नाही तिथे त्या 'झाले नाही' असे लिहितात. मेमो अजून आलेला नाही. जादा नर्सही आलेली नाही.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्या धर्मग्रामातील सर्व नर्सेसनी, वॉर्डबॉय आणि आयांनीही, सभागृहात यावे. भाषण नाही, मी ऐकायला बसणार आहे. नोकरीच्या कायद्याची माहिती असलेले आपले एक वकीलबंधूही येतील. दिवसपाळीवाल्यांसाठी संध्याकाळी सात वाजता आणि रात्रपाळी करून येणाऱ्यांसाठी सकाळच्या मिस्सानंतर लगेच. चहा-नाश्ता महिला मंडळ देणार आहे, म्हणून घरी जाऊन स्वयंपाकाला लागण्याची घाई करू नये. त्या दिवशी तो यजमानांनी करावा.