थांबणे आणि सोडून देणे

शिवाजी महाराजांनी व्यंकोजीराजांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. 1677 च्या दक्षिण मोहिमेत दोघा भावांचे बिनसले, लढाईत व्यंकोजीराजांच्या फौजेला हार खावी लागली, आणि पुढे तंजावरचा हा राजा खिन्न होऊन बसला. कारभारी रघुनाथपंत हणमंत्यांकडून ते कळल्यावर महाराजांनी थोरलेपणाच्या हक्काने धाकट्या भावाची कानउघाडणी केली. त्यातली तक्रार नीट पाहण्यासारखी आहे. राजा कारभारात लक्ष घालत नाही, सैन्य नुसते बसून आहे, एवढ्यावर महाराज थांबत नाहीत. तो शरीराची निगा राखत नाही, सणवार करत नाही, हेही ते त्याच दमात सांगतात. देहाची हेळसांड आणि कर्तव्याची हेळसांड त्यांच्या लेखी एकाच दोषाची दोन अंगे होती. हे दिवस कामाचे आहेत, वैराग्याला उतारवय आहे, हा त्यांचा सल्ला. काम थांबवून बसलेल्या राजाला शरीर सांभाळायला सांगणे वरवर विसंगत दिसते, पण थांबणे आणि सोडून देणे यांतला भेद त्यातच आहे.

या भेदाचा प्रश्न आज पहाटे कयाक घेऊन पाण्यावर उतरणाऱ्या, तिथून नोकरीवर आणि संध्याकाळी घरच्या कामाला जाणाऱ्या माणसाला पडतो. एक दिवस वल्हे हाती घेतले नाही तर साधना खंडित झाली का? विश्रांतीची लाज वाटते ती का? माझे म्हणणे असे की विश्रांती हा साधनेचाच भाग आहे. मात्र ती खरी की खोटी, याची कसोटी एकच: ती माणसाला कामाकडे आणि आपल्या माणसांकडे परत आणते का.

शरीराची साक्ष या बाजूने आहे. कयाक चालवताना जोर नुसत्या दंडातून येत नाही. पाय रोवून, कंबरेला पीळ देत, पाठीतून तो वल्ह्यापर्यंत पोचतो, आणि तीच हालचाल एका बैठकीत शेकडो वेळा होते. त्या वेळी स्नायू झिजतात आणि त्यांतला साखरेचा साठा संपत जातो. तो पुरता भरून यायला चांगले जेवण मिळाले तरी साधारण एक दिवस जातो. ताकद वाढते ती या भरपाईच्या काळात. अतिसरावावर युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संस्थांनी 2013 साली संयुक्त निवेदन काढले. त्यात सरावाबाहेरच्या ताणांचाही विचार आहे, कारण कामाचा ताप, घरातली काळजी आणि अपुरी झोप यांचा भार त्याच शरीरावर पडतो. आपल्या वैद्यकाला हे नवे नाही. चरकाने देहाच्या तीन आधारांत आहाराबरोबर निद्रा मोजली, आणि वाग्भटाने धडधाकट माणसालाही निम्म्या शक्तीपर्यंतच व्यायाम सांगितला. ज्या तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारून औषधांचे प्रयोग करवले आणि वैद्यांचे अनुभव लिहवून ठेवले, तिथे ही शिकवण परकी वाटू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग अति खाणाऱ्याचा नाही आणि उपाशी राहणाऱ्याचाही नाही, अति झोपणाऱ्याचा नाही आणि सतत जागणाऱ्याचाही नाही.

यावर पहिला आक्षेप समर्थ रामदासांच्या नावाने येईल. त्यांचे शिष्य भीमस्वामी यांच्या मठामुळे तंजावरात रुजलेला रामदासी संप्रदाय आळसाला शत्रू मानतो. मग ही विश्रांतीची वकिली कशाला? पण दासबोधात प्रपंच नेटका करून परमार्थाकडे वळायला सांगितले आहे आणि दिवस कसा घालवावा याचाही विचार आहे. समर्थांचा राग विवेकाशिवाय वाया जाणाऱ्या वेळावर आहे. ठरवून घेतलेली झोप वाया जात नाही. दमलेल्या खांद्याने हट्टाने मारलेले वल्हे मात्र जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अतिरेकाशिवाय विजेते घडत नाहीत. जर्मनीच्या बिर्गिट फिशर यांनी कयाकमध्ये 1980 साली अठराव्या वर्षी पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले आणि 2004 साली बेचाळिसाव्या वर्षी आठवे. मधल्या काळात त्या दोन मुलांच्या आई झाल्या, खेळ थांबवला आणि पुन्हा पाण्यावर आल्या. त्यांचे कष्ट अफाट होतेच. पण नुसत्या अतिरेकावर चोवीस वर्षे निघत नाहीत. शरीराला पीडा देणाऱ्या तपाला गीतेनेही तामस म्हटले आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो. कावेरीच्या खोऱ्यात भाताची लावणी करणाऱ्या बाईला विश्रांतीचा दिवस कोण देतो? दिवसभर चिखलात वाकून तिने केलेले काम कुठल्याही सरावाइतकेच शरीर झिजवते, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही. या आक्षेपाने विश्रांतीचे मोल कमी होत नाही, उलट ती सगळ्यांचा हक्क ठरते. आणि सराव करणाऱ्याला एक अवघड प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: माझी विश्रांती कोणाच्या श्रमावर उभी आहे? रविवारी मी पडून राहिलो तेव्हा स्वयंपाक कोणी केला, आजारी वडिलांजवळ कोण बसले? दुसऱ्याच्या थकव्यावर घेतलेली विश्रांती शरीर भरून काढील, पण तिच्यामागे कर्तव्य सोडून देणे लपलेले असते, आणि महाराजांची तक्रार अशाच सोडून देण्याविरुद्ध होती.

थांबणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे पाण्याकडे पाहूनही कळते. तंजावरातून वाहणारा 'पुदु आरु' हा कालवा कावेरीवरच्या मेट्टूर धरणाबरोबर 1934 साली सुरू झाला. प्रघात असा की मेट्टूरचे पाणी 12 जूनला सोडायचे आणि 28 जानेवारीला बंद करायचे. त्या पाण्यावर वल्हे मारायचे ठरवले तर कित्येक महिने सक्तीने काठावर राहावे लागेल, आणि तेवढ्याने कोणाची साधना बुडणार नाही. तेव्हा कयाकच्या सरावाचे वेळापत्रक आखणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: विश्रांतीचा वार त्यात आधी लिहा, आणि तो कोणता असावा हे घरच्यांना विचारून, त्यांच्याही विश्रांतीचा वार शेजारी लिहून मग ठरवा.