जमा पावती

वडखळ नाक्यावर मुंबईहून येणाऱ्या रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक गोव्याकडे जाते, दुसरी अलिबागकडे वळते. नाक्यापासून थोडं आत, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात एक म्हातारा राहत होता. त्याची भाताची गिरणी होती, खारेपाटात थोडी शेती होती, आणि कपाटात एक रिव्हॉल्व्हर होतं. गावातले लोक त्याला पिस्तुल म्हणत. म्हाताऱ्याने त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. त्या वस्तूविषयी जितकं कमी बोलावं तितकं बरं, असं त्याचं मत होतं.

रिव्हॉल्व्हर बत्तीस बोअरचं होतं, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं. नळी पुढे मोडली की मागची सहा घरं उघडत. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्यांचे पैसे चुकते करायला पेणहून रोकड आणावी लागे, म्हणून त्याने तरुणपणीच परवाना काढला होता. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. 1981 साली ते रायगड झालं, आणि परवान्याच्या पुस्तकातले शिक्के बदलले. हत्यार तेच राहिलं.

म्हातारा पिकल्या वयात गेला. त्याचा नातू पनवेलला नोकरीला होता. आजोबांनी त्याला पोहायला शिकवलं होतं, खाडीची भरती-ओहोटी शिकवली होती, पण ते रिव्हॉल्व्हर कधी हातात दिलं नव्हतं. लांबून दाखवत, पुसत आणि परत ठेवून देत. तेराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे पांगले, तेव्हा नातू वडिलांना म्हणाला, "बाबा, आजोबांची एक वस्तू मला हवी."

वडिलांनी कपाट उघडून दाखवलं. खण रिकामा होता.

"मी ते कधीच पोलीस ठाण्यात जमा केलं," ते म्हणाले आणि त्यांनी पावती पुढे केली.

नातवाला वाईट वाटलं, थोडा रागही आला. आजोबांची वस्तू, आणि ती चोरीच्या मालासारखी ठाण्यात पडून आहे! दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला. हवालदार वयस्क होते. त्यांनी त्याला बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की घरातलं हत्यार बिनपरवान्याचं होतं. 1959 चा शस्त्र कायदा सांगतो की ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. मग वारसाने अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, पोलिसांची चौकशी, आणि बाकीच्या वारसांची संमती. ठरलेल्या मुदतीत कुणी काही केलं नाही, तर हत्यार सरकारजमा होतं.

"एक सांगू?" हवालदार म्हणाले. "2016 च्या नियमांत सोय आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला की हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. तुमच्या आजोबांना मी स्वतः सांगितलं होतं. ते हसले आणि चहा पिऊन गेले."

नातू घरी आला तो मनाशी एक बेत घेऊनच. कागद व्हायचे तेव्हा होतील. हत्यार हाती आलं की ते आजोबांच्या नावाला साजेसं करायचं. शिसवी मूठ काढून चांदीची बसवायची, तिच्यावर आजोबांचं नाव कोरायचं, खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल घालायचं. नळीवर वेलबुट्टी काढायची. सगळ्याला आरशासारखी झिलई द्यायची. त्याने वहीत चित्र काढलं. मग त्याला वाटलं, आपण पेणचे. मुठीवर गणपती हवाच.

वही घेऊन तो पेणला एका मूर्तिकाराकडे गेला. कारखान्यात सगळीकडे बिनरंगाच्या मूर्ती सुकत ठेवल्या होत्या. मूर्तिकाराने हात पुसले, चित्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ही धरायची जागा ना?"

"हो."

"मग धरताना अंगठा कुठं टेकणार? बाप्पाच्या पोटावर?"

मांडीवर शाडू घेऊन बसलेली दोन पोरं हसली. नातूही ओशाळं हसला. गणपती वहीतच राहिला.

मग तो मुंबईला एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे गेला. दुकानात मागच्या बाजूला एक म्हातारा कारागीर डोळ्याला भिंग लावून बसला होता. नातवाने रिव्हॉल्व्हरचा फोटो आणि आपलं चित्र त्याच्यापुढे ठेवलं. कारागिराने आधी फोटो पाहिला, बराच वेळ.

"चांगलं राखलंय," तो म्हणाला. "असं आता बाहेरून येत नाही. परदेशी हत्यार आणायची वाट 1980 च्या दशकातच बंद झाली."

मग त्याने पेन्सिल घेतली आणि चित्रावर फुल्या मारायला सुरुवात केली. नळीवर वेलबुट्टी नको. घासताना कंपनीचा छाप आणि नंबर पुसला गेला, तर तो गुन्हा. नळी आखूड करायची असली तर नावच काढायचं नाही. दुरुस्ती असो की बदल, ज्याच्याकडे त्याचा परवाना आहे त्यानेच करायचा. गावातल्या लोहाराकडे किंवा सोनाराकडे हे हत्यार न्यायचंसुद्धा नाही. मूठ मात्र बदलता येईल. तीही हत्यार तुमच्या नावावर झाल्यावर. परवाना आणि हत्यार, दोन्ही समोर ठेवा, मग मी हात लावीन.

"आणि हस्तिदंत म्हणाल तर आधीच सांगतो, नाही," तो म्हणाला. नातू हस्तिदंत म्हणणार नव्हता, पण गप्प बसला.

वहीतलं बरंचसं चित्र खोडलं गेलं होतं. राहिली होती चांदीची मूठ आणि नाव. नातवाला तेवढंही पुरेसं वाटलं. हत्यार अजून ठाण्याच्या कोठडीत होतं, त्याला अजून बोटही लागलं नव्हतं, तरी त्याने चांदीचा भाव विचारून ठेवला.

कागद जमू लागले. प्रशिक्षण झालं, डॉक्टर झाले. वडिलांनी संमतीपत्रावर सही केली. आत्या उरली. आत्या रोह्याला राहत होती. नातू तिच्याकडे गेला, जेवला, आणि मग कागद पुढे ठेवला. आत्याने चष्मा लावून तो वाचला आणि परत दिला.

"मी सही करणार नाही."

"आत्या, अगं मी विकणार नाही ते. आजोबांची आठवण म्हणून ठेवणार आहे. मूठ चांदीची करणार, त्यांचं नाव घालणार."

"तुला आठवण हवी, की आठवणीचं पिस्तुल?"

नातवाला उत्तर सुचलं नाही. आत्या उठली. तिने भांडी आवरली, ओटा पुसला, आणि मग ओसरीवर त्याच्यासमोर येऊन बसली.

"बाबांनी हयातीत ते कुणाला का दिलं नाही, माहीत आहे?" तिने विचारलं. "मी विचारलं होतं. म्हणाले, जो मागेल त्याला द्यायचं नाही, आणि न मागणाऱ्याला देऊन काय करू?"

मग तिने एक गोष्ट सांगितली. ती दहा-अकरा वर्षांची असतानाची.

खारेपाटात शेत वाचतं ते बांधामुळे. बाहेर खाडी, आत भात, मध्ये मातीचा बांध. बांधाला उघाडी असते. ओहोटीला पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी अडवायचं. आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्या शेतांना बांध एकच होता. त्या वर्षी दोघांचं गिरणीच्या हिश्श्यावरून बिनसलं होतं. थोरल्यांनी आपल्या वाटच्या बांधाला माती घातली नाही. आजोबांनी दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं नाही. आषाढी अमावास्येला उधाणाची भरती आली, वरून पाऊस होता, आणि थोरल्यांच्या बाजूला खांड गेली. नुकत्याच लावलेल्या रोपांवर खाडी पसरली. खाऱ्या पाण्याने एकदा शेत बुडालं की मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. म्हणजे फक्त त्या वर्षाचं भात गेलं नव्हतं.

"रात्री बाबा भिजून घरी आले," आत्या म्हणाली. "थोरले काका बांधावर त्यांना काहीतरी बोलले होते. काय, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आले ते सरळ कपाटाशी गेले. मी जागी होते. नळी मोडल्याचा आवाज ऐकला. गोळ्या भरल्याचाही ऐकला. आई न्हाणीत होती. बाबा बाहेर पडले, आणि मी कंदील घेऊन मागे निघाले."

"तुला भीती नाही वाटली?"

"कंदील न घेता गेलेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

गावाच्या टोकाला वाट फुटत होती. डावीकडे थोरल्यांचं घर, उजवीकडे मोठा रस्ता. आजोबा तिथे थांबले. पाऊस पडतच होता. किती वेळ थांबले, ते आत्याला सांगता आलं नाही. कंदिलाची काच काळी होईपर्यंत, एवढं ती म्हणाली. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. मुलगी दिसली. ते तिला रागावले नाहीत. नळी मोडून त्यांनी गोळ्या काढल्या, धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि म्हणाले, "चल."

दोघं उजवीकडे वळली. मोठ्या रस्त्यावर मिठाचा एक ट्रक मिळाला, त्यात बसून पेणला गेली. ठाण्यात रात्रपाळीचे जमादार होते. आजोबांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, शेजारी गोळ्या मोजून ठेवल्या, परवान्याचं पुस्तक ठेवलं.

"हे ठेवून घ्या," ते म्हणाले.

"काय झालं?"

"अजून काही झालं नाही."

"मग कारण काय लिहू?"

"राग आलाय, असं लिहा."

जमादारांनी त्यांच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मुलीसाठी दूध आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. पावतीवर त्यांनी लिहिलं: परवानाधारकाच्या विनंतीवरून सुरक्षित ताब्यात. रागाला त्या कागदावर रकाना नव्हता.

पहाटे बापलेक परतली. आजोबांनी घरी जाऊन घमेलं आणि फावडं घेतलं आणि खांडीवर गेले. ओहोटी होती. थोरले भाऊ तिथे आधीच माती टाकत होते. दोघं भाऊ दिवसभर एकाच खांडीत माती टाकत राहिले, आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. बोलणं सुरू व्हायला दिवाळी उजाडली. हत्यार आजोबांनी त्यानंतरच परत आणलं.

"त्या रात्रीनंतर निवडणुकीत हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला," आत्या म्हणाली, "की बाबा सगळ्यांच्या आधी ठाण्यात हजर. लोक हसायचे. म्हणायचे, गिरणीवाला भितो. आणि ते 'हो' म्हणायचे."

तिने संमतीपत्र पुन्हा मागून घेतलं. चष्मा पुसला, आणि सही केली.

"आता का केलीस?" नातवाने विचारलं.

"आता तुला ठाऊक आहे, तू काय मागतोयस ते."

घरी आल्यावर नातवाने परवान्याचं जुनं पुस्तक काढलं. आधी तीन-तीन वर्षांच्या, आणि 2019 साली कायदा बदलल्यावर पाच वर्षांच्या नूतनीकरणाचे शिक्के. काडतुसांच्या खरेदीची नोंद एकच, पहिल्या पानावरची. पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात जमा पावत्यांची चळत होती. सगळ्यांत खालची पिवळी पडली होती आणि एका कोपऱ्याला पाण्याचा डाग होता.

दाखले, चौकशी, संमती, शिक्के. इतके कागद मागून कायदा शेवटी एकच गोष्ट विचारत असतो, की तुला राग येईल तेव्हा हे हत्यार कुठे असेल? नातवाला ते प्रश्न अपमानासारखे वाटले होते. आजोबांनी तोच प्रश्न भर पावसात, कुणी न विचारता, स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायला पेणपर्यंत गेले होते.

काही महिन्यांनी अलिबागहून परवाना आला. नातवाने ठाण्यातून रिव्हॉल्व्हर घेतलं, नोंद केली, आणि ठरल्या दिवशी ते मुंबईच्या दुकानात नेलं. कारागिराने परवाना तपासला, नंबर ताडून पाहिला, नळी मोडून आत भिंगाने बघितलं. थोडा गंज होता, तो निघण्यासारखा होता.

"चांदी आणलीत?" त्याने विचारलं.

"नाही. मूठ हीच ठेवायची. फक्त काढा एकदा, आणि लाकडाच्या आतल्या बाजूला एवढं कोरा."

त्याने चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर एक पावती क्रमांक होता आणि एक तारीख. नाव नव्हतं. कारागिराने चिठ्ठी वाचली आणि भिंग कपाळावर सरकवलं.

"आतून कोरलं तर दिसणार कुणाला?"

"पुढे जो कुणी मूठ बदलायला घेऊन येईल, त्याला," नातू म्हणाला.