निष्ठेचा पुरावा कोणी मागावा?



ज्या घराने आपल्याला बाहेर काढले त्याच घराला आग लागली, तर ती विझवायला धावावे का? कोणी म्हणेल, कसेही असले तरी घर आपलेच आहे. कोणी म्हणेल, आधी दार उघडा, मग पाणी आणतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील हजारो तरुणांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी दिलेली उत्तरे एकसारखी नव्हती. म्हणूनच आज त्यांच्याविषयी थोडा विचार करावासा वाटतो.

हे तरुण जपानहून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांची मुले. त्यांना ‘निसेई’ म्हणत, म्हणजे दुसरी पिढी. त्या वेळच्या कायद्यानुसार आईवडिलांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नव्हते. मुले मात्र तिथेच जन्मली, म्हणून जन्माने अमेरिकन नागरिक. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हवाई बेटांवरील पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि एका सकाळीत या मुलांचा चेहरा शत्रूचा चेहरा ठरला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरेदारे, शेती, दुकाने सोडावी लागली. दूरच्या ओसाड मुलखात दहा छावण्या उभारून त्यांना तिथे ठेवण्यात आले. भोवती काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे. यांतले सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते की खटला नव्हता. म्हातारी माणसे आणि तान्ही मुलेही त्यात होती.

सैन्याचे दरवाजेही निसेईंना बंद झाले. हवाईमध्ये प्रादेशिक रक्षक दलात असलेल्या विद्यापीठातील निसेई विद्यार्थ्यांना जानेवारी १९४२ मध्ये घरी पाठवण्यात आले. त्यांनी लष्करी गव्हर्नरकडे अर्ज केला की आम्हांला जमेल ते काम द्या. बंदूक मिळाली नाही, तेव्हा त्यांनी कुदळ-फावडे हाती घेतले. ‘व्हर्सिटी व्हिक्टरी व्हॉलंटियर्स’ या नावाने ते जवळजवळ वर्षभर लष्करासाठी रस्ते बांधत आणि दगड फोडत राहिले.

पुढे सरकारचे मत बदलले. १ फेब्रुवारी १९४३ रोजी रुझवेल्ट यांनी निसेईंची स्वतंत्र पलटण, ४४२वी रेजिमेंट, उभारण्यास जाहीर मान्यता दिली. अमेरिकन असणे हे वंशावर वा रक्तावर अवलंबून नाही, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. शब्द थोर होते. पण ज्यांच्यासाठी ते उच्चारले, त्यांतले कितीतरी जण केवळ वंशामुळेच त्या क्षणी तारांच्या आड होते.

आता दोन आकड्यांकडे पाहा. हवाईमध्ये लष्कराला सुरुवातीला दीड हजार स्वयंसेवक हवे होते. तिथे सुमारे दहा हजार तरुण पुढे आले. मुख्य भूमीवरून तीन हजारांची अपेक्षा होती. तिथल्या छावण्यांतून सुमारे बाराशेच आले. दोन्हीकडची मुले एकाच वंशाची. मग हा फरक कशामुळे? हवाईमध्ये लष्करी कायदा होता, संशयही होता. पण तिथल्या जपानी वंशाच्या लोकांना सरसकट उचलून छावण्यांत टाकले नव्हते. जिथे थोडा तरी विश्वास टाकला गेला, तिथे निष्ठा ओसंडून आली. जिथे विश्वास काढून घेतला, तिथे तीच निष्ठा जड पावलांनी आली. बाराशे तरुण छावणीतून निघाले, त्या दिवशी त्यांचे आईवडील तारेच्या आतच राहिले. हा आकडा लहान आहे असे म्हणण्याआधी आपण क्षणभर थांबावे.

भरतीबरोबर छावण्यांत एक प्रश्नावलीही आली. सत्ताविसावा प्रश्न : पाठवू तिथे लढायला जाल का? अठ्ठाविसावा : अमेरिकेशी पूर्ण निष्ठा राखाल आणि जपानच्या सम्राटावरील निष्ठा सोडाल का? ज्याने त्या सम्राटावर कधी निष्ठा ठेवलीच नव्हती, त्याने काय सोडायचे? ‘होय’ म्हणावे तर पूर्वी निष्ठा होती असे कबूल केल्यासारखे. ‘नाही’ म्हणावे तर देशद्रोही. आईवडिलांचे संकट तर आणखी मोठे. अमेरिका त्यांना नागरिक करत नव्हती आणि जपानशी नाते तोडले तर जगात त्यांचा कोणताच देश उरत नव्हता. पुढे त्यांच्यासाठी प्रश्नाचे शब्द बदलावे लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणणाऱ्यांची रवानगी टूल लेकच्या वेगळ्या छावणीत झाली.

जानेवारी १९४४ मध्ये निसेईंवर सक्तीची भरती पुन्हा लागू झाली. तेव्हा वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीतील काही तरुणांनी सांगितले, ‘आम्ही नागरिक आहोत. आधी आमचे हक्क परत द्या, आमच्या घरच्यांना सोडा, मग आम्ही लढायला येऊ.’ जून १९४४ मध्ये त्यांतील ६३ जणांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली.

त्याच महिन्यात इटलीमध्ये ४४२वी पलटण लढाईत उतरली. हवाईच्या निसेईंची १००वी बटालियन त्याआधीच, सप्टेंबर १९४३ पासून, तिथे रक्त सांडत होती. ती आता या पलटणीला जोडली गेली. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरांत टेक्सासची एक बटालियन जर्मनांच्या वेढ्यात अडकली. निसेईंनी दाट जंगलातून वाट काढत ३० ऑक्टोबरला तिच्यापर्यंत मजल मारली आणि २११ जणांना सोडवले. त्यासाठी त्यांचे स्वतःचे सुमारे ८०० जवान घायाळ झाले वा मारले गेले. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सदाओ मुनेमोरी या जवानाने सोबत्यांना वाचवण्यासाठी फुटणाऱ्या हातबॉम्बवर स्वतःचे शरीर झोकून दिले. त्याच्या कुटुंबाला मांझानारच्या छावणीत ठेवण्यात आले होते. त्याच महिन्यात डॅनियल इनोये या तरुण अधिकाऱ्याने उजवा हात गमावला. पुढे तो अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य झाला. पण युद्धावरून परतताना सॅन फ्रान्सिस्कोत एका न्हाव्याने त्याचे केस कापायला नकार दिला होता. अंगावर गणवेश होता, हात गेलेला होता, तरी चेहरा जपानी होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लढणारे बरोबर की नकार देणारे बरोबर?

सॉक्रेटिसचे उदाहरण आपल्याला उपयोगी पडेल. तुरुंगातून पळून जाण्याची संधी असताना तो पळाला नाही. ज्या नगराने मला वाढवले त्याचे कायदे मी मोडणार नाही, असे त्याने मित्राला सांगितले. पण तोच सॉक्रेटिस न्यायसभेपुढे म्हणाला होता की सत्याचा शोध थांबवण्याच्या अटीवर सोडणार असाल, तर ती अट मी मानणार नाही. नगरावर प्रेम आणि नगराला नकार, दोन्ही एकाच माणसात होते. निसेईंमध्ये ही दोन उत्तरे दोन गटांत विभागली गेली एवढेच. जो रणांगणावर गेला तो म्हणत होता, ‘हा देश माझा आहे, म्हणून मी लढेन.’ जो तुरुंगात गेला तो म्हणत होता, ‘हा देश माझा आहे, म्हणून त्याने मला दिलेला शब्द पाळावा.’ वाक्याचा पहिला अर्धा भाग दोघांचाही तोच होता.

पण एक धोका आहे. वीरांचे कौतुक करताना आपण नकळत म्हणून जातो, ‘बघा, त्यांनी रक्त सांडून आपली निष्ठा सिद्ध केली आणि हक्क मिळवले.’ व्यवहारात ते बरेचसे खरे आहे. त्यांच्या पराक्रमाने लोकांची मने बदलली. १९५२ मध्ये त्यांच्या आईवडिलांनाही नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. पण नीतीच्या दृष्टीने हे वाक्य तपासून पाहावे लागेल. समजा, एकही निसेई लढला नसता. मग त्या छावण्या योग्य ठरल्या असत्या का? मुळीच नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची अढळ इच्छा म्हणजे न्याय. जे आपलेच आहे त्याची किंमत मोजावी लागत नाही. स्वातंत्र्य त्या लोकांचे होतेच. त्यासाठी प्राणांचे मोल मागणे म्हणजे चोराने चोरलेली वस्तू मालकालाच विकण्यासारखे आहे.

म्हणून त्या जवानांचे बलिदान हे दाम नव्हते, ते दान होते. दाम म्हटले तर मागणाऱ्याचा अन्याय झाकला जातो आणि न देणारा कर्जबुडवा ठरतो. दान म्हटले की देणाऱ्याचे मोठेपण अबाधित राहते आणि नकार देणाऱ्याची मानही ताठ राहते.

देशाला हे कळायला फार उशीर लागला. हार्ट माउंटनच्या तरुणांना डिसेंबर १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी माफी दिली. पण त्यांच्याच समाजातील अनेकांनी त्यांना कित्येक वर्षे दूर ठेवले; जपानी-अमेरिकनांच्या मोठ्या संघटनेने त्यांची जाहीर क्षमा मागितली ती २००२ मध्ये. १९८३ मध्ये एका सरकारी आयोगाने स्पष्ट सांगितले की या छावण्यांमागे लष्करी गरज नव्हती. वंशद्वेष, युद्धज्वर आणि नेत्यांचे अपयश ही कारणे होती. १९८८ मध्ये कायद्याने क्षमा मागण्यात आली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर देण्याचे ठरले. तोवर छावण्यांत कोंडलेली पहिल्या पिढीची बहुतेक माणसे या जगात नव्हती. वरातीमागून घोडे, असेच म्हणावे लागेल. तरीही चूक कबूल करणारा देश चूक झाकणाऱ्या देशापेक्षा बरा.

बंधुभगिनींनो, निष्ठेचा पुरावा मागण्याचा मोह फक्त सरकारलाच होतो असे नाही. शेजाऱ्याचे नाव, आडनाव, भाषा किंवा प्रार्थना वेगळी असली की आपल्याही मनात एक प्रश्नावली तयार होते. हा खरोखर आपला आहे का? कठीण प्रसंगी कोणाच्या बाजूने उभा राहील? त्याने काय गुन्हा केला हे आपण विचारत नाही. निर्दोष असल्याचे त्यानेच दाखवावे अशी आपली अपेक्षा असते. या आठवड्यात असा प्रश्न मनात आला तर तो शेजाऱ्याला विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारू या : मी त्याच्यावर विश्वास टाकला आहे का? हवाईच्या दहा हजार तरुणांनी दाखवून दिले आहे की निष्ठेला वाट हवी असेल, तर आधी विश्वासाचे दार उघडावे लागते. आणि ते उघडण्याचे काम ज्याच्या हाती कडी आहे त्याचे असते.