रेडिएटरमधली हळद

जुनी मोटार घेणे हे प्रौढपणी लग्न करण्यासारखे आहे, असे माझे एक स्नेही म्हणत. त्यांनी यांपैकी एकही गोष्ट केली नव्हती. तेव्हा त्यांच्याकडे दुर्लक्ष करून २०१६ च्या दसऱ्याला मी एक आठ वर्षे वापरलेली मोटार घरी आणली.

विकणारे गृहस्थ निवृत्त होते. मी त्यांना पहिल्या वाक्यापासून ‘काका’ म्हणालो. वयाने मोठ्या परक्या माणसाला आपण दुसरे काय म्हणतो? घरात ते एकटेच होते. त्यांनी स्वतः आले घालून चहा केला आणि मग गाडी दाखवली. ‘मुलासारखी सांभाळली आहे हो!’ ते म्हणाले. मी गावातल्या गावात एक चक्कर मारली. टायरला लाथ मारून पाहिली. ही लाथ का मारतात हे मला अजून उमगलेले नाही. पण न मारणारा गिऱ्हाईक अडाणी ठरतो. पैसे दिले.

दिवाळीत साताऱ्याला निघालो आणि खंबाटकीच्या चढावर काटा तांबड्या रेषेला टेकला. बॉनेटखालून वाफ, शेजारी मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन बसलेली सौभाग्यवती, आणि तिचे ते न बोलणे!

पहिल्या खेपेला मिस्त्रीने पाण्याचा पाइप बदलला, दुसऱ्या खेपेला थर्मोस्टॅट. शहरात गाडी शहाण्या मुलीसारखी चाले; घाट दिसला की तापे. तिसऱ्या खेपेला रेडिएटर उतरवला, तर आतून पिवळा गाळ निघाला. मिस्त्रीने तो बोटावर घेऊन हुंगला. ‘साहेब, हळद आहे.’ रेडिएटरला बारीक भोक पडले की त्यात हळद टाकतात. ती भोकात जाऊन बसते आणि गळती काही दिवस थांबते. म्हणजे हळद लागलेली ही वधू बोहल्यावर उभीच होती, आणि नवरदेव मी!

खरे दुखणे चौथ्या खेपेला सापडले. इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाचे एक पातळ अस्तर असते. पाणी, तेल आणि जळता वायू यांना आपापल्या वाटेने जाऊ देणे, एवढेच त्याचे काम. ते फुटले होते. बाहेर थेंबही गळत नव्हता. पाणी इंजिनच पीत होते. ‘हळद काही आपल्या पायांनी आत जात नाही, साहेब,’ मिस्त्री म्हणाला.

मी तणतणत एका वकील मित्राकडे गेलो. ‘हळद टाकून दोष झाकणे ही लबाडी खरी,’ तो म्हणाला, ‘पण ती कोणी टाकली हे कसे सिद्ध करशील? आणि नुसते गप्प राहणे ही लबाडी नव्हे.’ त्याने १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम पुढे ठेवले. त्यात एक घोडा आहे. मालक तो लिलावात विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. ही फसवणूक नव्हे, असे कायदा स्वच्छ सांगतो. मात्र घेणारी जर मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे त्याला बोललेच पाहिजे!

हा प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यातही एक घर विकायला निघते; त्याच्या प्रत्येक शयनगृहात साप निघतात आणि ते फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगावे की नाही यावर दोन तत्त्ववेत्ते हुज्जत घालतात. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, असे एकाचे म्हणणे. सिसेरोचा कौल मात्र सांगण्याच्या बाजूने आहे. मी अर्थात सिसेरोच्या बाजूचा होतो. फसलेला माणूस नेहमीच असतो.

गॅस्केट बदलले, हेड घासून सपाट केले. दोन वर्षे बरी गेली. मग पुन्हा पाणी कमी होऊ लागले. फार नव्हे, आठवड्याला पेलाभर. २०१९ मध्ये मी गाडी विकायला काढली.

वाईकडचा एक तरुण मास्तर आला. त्याने चक्कर मारली, टायरला लाथ मारली. दोष आहे का, असे त्याने विचारले नाही. ‘काका, तुम्ही वापरलेली गाडी, मग काय बघायचं?’ एवढेच म्हणाला. त्या ‘काका’ने मी चरकलो. कायद्यातल्या घोड्याचे गिऱ्हाईक परके होते. आपल्या भाषेत परका फार वेळ परका राहतच नाही. कलमातली ती मुलगी माझ्या खुर्चीवर बसली होती, आणि तिला घरी जाताना खंबाटकीच चढायची होती.

तरी मी काय म्हणालो? ‘जुनी आहे, कधी कधी तापते.’ अशा सुरात म्हणालो, की तो हसला. ‘जुन्या गाड्या तापायच्याच, काका!’ शब्द खरा होता आणि तो खरा वाटू नये अशी मी काळजी घेतली होती. ही हळदच, फक्त तोंडाने टाकलेली.

तो नोटा मोजू लागला. इतक्यात ही चहा घेऊन बाहेर आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘अहो, त्यांना गॅस्केटचं सांगितलंत ना?’

मग मी सगळे सांगितले. त्याने नोटा खिशात घातल्या, चहा पुरा केला, आणि चार दिवसांनी मिस्त्रीला घेऊन आला. वीस हजार कमी करून गाडी नेली.

हिने विचारले नसते तर मी सांगितले असते का? असते, असे मी पुष्कळांना सांगितले आहे. त्या निवृत्त गृहस्थांवरचा माझा राग मात्र त्या दिवसापासून पातळ झाला आहे. मी गाडी घ्यायला गेलो, तेव्हा चहा त्यांना स्वतःला करावा लागला होता.