गरिबाचे अर्पण



लेवीयाच्या १४ व्या अध्यायात कुष्ठरोग्याच्या शुद्धीकरणासाठी तीन कोकरे सांगितली आहेत. पण ज्याला ऐपत नाही त्याला एक कोकरू व दोन पाखरे पुरतात. अर्पण कमी झाले, याजकाची तपासणी कमी झाली नाही.

आमच्या जामबागेत हार गुंफून पोट भरणाऱ्यास ताप आला, की खर्चाच्या भीतीने तो तपासणी पुढे ढकलतो आणि आजार घरभर पसरतो. करोनाच्या साथीत आपल्याच हैदराबादेतील सीसीएमबी या संशोधन संस्थेने सोपी रीत काढली: नाकातील स्रावाची काडी द्रवात न ठेवता कोरडीच नळीतून न्यायची, विषाणूचा आरएनए वेगळा काढण्याची खर्चिक पायरी गाळायची, पुढची आरटी-पीसीआर चाचणी तीच. नोव्हेंबर २०२० मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. येथेही मोल उतरले, काळजी नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, हा अध्याय मुलांना अवश्य शिकवा. आणि आपण? चाचणी स्वस्त झाली तरी गरिबाची त्या दिवसाची रोजी बुडतेच. ती मंडळीच्या दानपेटीतून भरून देण्यास आपण तयार आहोत काय? तापलेल्या शेजाऱ्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत आपल्यातील कोण उभा राहील?

प्रभू आपणांस तसे अंतःकरण देवो. आमेन.