सेवा करणाऱ्याला कोण विचारतो?



आंधळ्या बार्तीमयाला काय हवे, हे प्रभू येशूला ठाऊक होते. तरीही प्रभूने त्याला विचारले (मार्क १०:५१).

आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला मी घरोघरी जातो. आजीची विचारपूस करतो; तिच्यासाठी रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला मात्र काहीच न विचारता परततो. ही माझी चूक आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामात आपण पाहणी करणार आहोत. ‘आईवडिलांना नीट सांभाळता ना?’ असे विचारले, तर सगळेच ‘हो’ म्हणतील. अमेरिकेत स्टीव्हन झारिट व सहकाऱ्यांनी १९८० साली सेवा करणाऱ्यांचा भार मोजणारी प्रश्नावली मांडली. तिच्या प्रचलित रूपात २२ प्रश्न आहेत; ‘असे किती वेळा वाटते?’ हा त्यांचा रोख. आपणही तसेच विचारू : गेल्या आठवड्यात किती रात्री उठावे लागले? मिस्सेला येता आले का? तुम्ही बाहेर गेलात तर घरी कोण बसते?

हे प्रश्न आजाऱ्यासमोर विचारले जाणार नाहीत. नावाची सक्ती नाही. मदत हवी असेल त्यांनीच नाव लिहावे. ‘मी दमले’ म्हणणे पाप नव्हे.

शेवटचा प्रश्न सर्वांसाठी आहे : शेजारच्या आजारी माणसाजवळ आठवड्यातून दोन तास तुम्ही बसाल का? बार्तीमयाला नुसते विचारून प्रभू पुढे निघून गेला नाही.

तुमचा धर्मगुरू